तीन तासांचा थांबा

अक्काचं शहर सात हजार तीनशे किलोमीटरवर होतं. विमानाला नऊ तास वीस मिनिटं लागतात, हे तिच्या धाकट्या भावाला तोंडपाठ होतं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. उंचीची भीती नव्हती, पण अकरा वर्षांत त्याचं जाणं काही झालं नाही. आधी बायकोचं आजारपण, मग ती गेली, आणि नंतर 'जाऊन या' म्हणणारंही घरात कुणी उरलं नाही.

एका रविवारी अक्काचा फोन आला. "बाळ्या, थोरल्या मुलाकडून धाकट्या मुलाकडे चाललेय राहायला. विमान तुझ्या गावात तीन तास थांबणार आहे बघ."

छप्पन्न वर्षांच्या बाळ्याने रजा टाकली, दाढी घोटली, पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली आणि दोन तास आधीच विमानतळ गाठला. विमान उतरलं. माणसं बाहेर आली, पांगली. अक्काचा पत्ता नाही. शेवटी फोन वाजला.

"बाहेर सोडत नाहीत रे. पुढे जाणाऱ्यांनी आतच बसायचं म्हणे."

त्याने दारावरच्या पहारेकऱ्याची खूप मनधरणी केली. "काका, माझी आई आली तरी सोडता येत नाही हो," पहारेकरी म्हणाला आणि त्याला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

मग बहीणभाऊ फोनवरच बोलत बसले. मध्ये दोन भिंती आणि फार तर शंभर पावलं. गुडघे झाले, बीपी झालं, कोण कोण गेलं तेही झालं.

"जेवलास का?" अक्काने विचारलं.

"जेवलो," तो म्हणाला. सकाळपासून नुसता चहा झाला होता.

"हे बघ, इथे मोठी काच आहे. खाली टॅक्सी उभ्या दिसतायत. तिथे ये पाहू."

तो धावतच गेला. वर काचेत नुसतं आभाळ दिसत होतं. तरी त्याने हात हलवला.

"दिसलास रे," अक्का म्हणाली. "किती वाळलायस. पण निळा शर्ट शोभतो हो तुला."

त्याने बाजूला पाहिलं. टॅक्सीला टेकून निळ्या शर्टातला एक माणूस कुणाला तरी हात करत होता.

"नवीनच घेतलाय," तो म्हणाला.

विमान उडेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

पुढच्याच आठवड्यात त्याने पासपोर्टचा अर्ज भरला. अडीनडीला कुणाला कळवायचं, त्या रकान्यात त्याने अक्काचं नाव लिहिलं. पत्ता वाचून खिडकीमागच्या बाई थांबल्या.

"इतक्या लांबचं? इथलं कुणी नाही का?"

"नाही," तो म्हणाला.

बाईंनी शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं.