माझ्या पोटावर टकटक करणारा माणूस

मी एक जुने लाकडी पिंप आहे. मित्रांनो, माझी गोष्ट खुशाल ऐका, पण जरा लांब बसून ऐका आणि हात मागे ठेवा. तुमच्यावर माझा राग नाही. पण जो कोणी माझ्यापाशी येतो, तो मनात काहीतरी ठेवूनच येतो, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

मी ओकच्या लाकडाचे. माझ्या फळ्या तीन वर्षे ऊनपाऊस खात उघड्यावर पडून होत्या. मग एका कारागिराने त्या तासल्या, गोलात उभ्या केल्या आणि मध्ये आग पेटवून त्यांना हळूहळू वाकवले. त्याने ना खिळा वापरला, ना डिंक. सहा लोखंडी पट्टे माझ्यावर चढवले आणि हातोडीने ठोकून घट्ट बसवले. ठोकताना तो माझ्याभोवती चालायचा. दोन हलके ठोके, एक जड. दोन हलके, एक जड. आणि तोंडाने सतत शीळ चालू. त्याचा चेहरा काही मला आठवत नाही, कारण तेव्हा माझ्यात नुसता धूर भरलेला होता. ते ठोके मात्र अंगात मुरले.

पुढे मी या वाइनरीत आले. बाहेर टेकडीच्या उतारावर द्राक्षांचे मळे होते आणि खाली थंड तळघरात आम्ही तेरा पिंपे ओळीने आडवी निजायचो. दर हंगामात पोटात नवा रस यायचा आणि तो मुरेपर्यंत आम्ही गप्प राहायचो. आताच्या मालकीणबाईंचे वडील पाहुण्यांना घेऊन थेट माझ्यापाशी येत आणि म्हणत, "दुसऱ्या कशातही मुरवून बघा, या पिंपाची चव कशालाच येत नाही." असे ऐकले की मी फुगून जायचे. पण लाकडाची चवसुद्धा कधीतरी संपते. माझी संपली आणि आम्हा तेराही जणांना वर अंगणात आणून उभे केले.

खरे तर संशयाचे हे भूत माझ्या मानगुटीवर तिथेच बसले. एका सकाळी मागच्या अंगणातून करवतीचा आवाज आला. दुपारी फाटकाशी दोन गोल कुंड्या आल्या आणि त्यांत लाल फुले डोलू लागली. मी नीट पाहिले. एका कुंडीवर चंद्रकोरीसारखा डाग होता. तळघरात चौदा वर्षे माझ्या उजव्या हाताला निजलेल्या पिंपाचा तो डाग! मग एकेक करून बाराही जण गेले. प्रत्येकाला पोटावर मधोमध कापले, अर्ध्यात माती भरली, वर फुले लावली. येणारेजाणारे त्या फुलांचे फोटो काढतात. मी अजून एकदाही त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलेले नाही.

मी वाचले ते गाण्यामुळे. मालकीणबाईंनी उन्हाळ्यात हिरवळीवर संध्याकाळचे कार्यक्रम सुरू केले. मळ्याच्या कडेला लाकडी मंच बांधला आणि पेले ठेवायला काहीतरी हवे म्हणून मला मंचाला चिकटून उभे केले. माळी तेव्हा म्हणाला होता, "असू दे सध्या. याचं नंतर बघू." हे 'नंतर बघू' मी आजतागायत विसरलेले नाही.

पण एक कबूल करते. त्या संध्याकाळी मला आवडू लागल्या. लोक घडीच्या खुर्च्या आणि चटया घेऊन यायचे, चपला काढून गवतात पाय पसरायचे. मुले वेलींच्या रांगांमधून पळत सुटायची आणि आया नुसत्या नावाने हाका मारत बसायच्या. सूर्य टेकडीआड जायच्या बेतात असताना वाजवणारे मंचावर चढायचे. त्यांच्यात एक मुलगी होती. तिचे वाद्य तिच्याहून उंच, चार जाड तारांचे. डबल बास म्हणतात त्याला. ते ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून वाजवायची. बाकीची वाद्ये माझ्या डोक्यावरून निघून जात, पण तिचा खर्ज लागला की माझ्या रिकाम्या पोटात गुदगुल्या व्हायच्या.

आणि मग तो आला.

या उन्हाळ्याच्या पहिल्याच कार्यक्रमाला एक म्हातारा खुर्ची ओढत थेट माझ्यापाशी आला. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि माझ्या अंगावर तीनदा टकटक केले. वर, मध्ये, खाली. मग तळहात माझ्या पोटावर ठेवला, तो कार्यक्रम संपेपर्यंत उचललाच नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. अशी टकटक कोण करतो? ज्याला लाकूड किती जाड आहे ते पाहायचे असते तो. मी त्याचे नाव टकटक्या ठेवले.

मी डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर नजर ठेवली आणि जे दिसले त्याने संशय वाढतच गेला. गाणे संपले की हा आधी बाकीच्यांकडे पाहायचा आणि सगळ्यांनी टाळ्या सुरू केल्या की मग घाईघाईने आपल्या वाजवायचा. म्हणजे याला गाण्याशी देणेघेणे नाही, हा माझ्यासाठी येतो! मालकीणबाईंनी मागून "काका, पाणी आणू का?" असे दोनदा विचारले, तर याने मान वळवली नाही. इतका साळसूद चेहरा करून बसणाऱ्या माणसाच्या मनात नक्कीच काहीतरी असते. कार्यक्रमानंतर ती बासवाली मुलगी खाली उतरून त्याच्यासमोर उभी राहिली, तेव्हा कळले की ती त्याची लेक.

"कसं झालं, बाबा?"

"छान! नेहमीसारखं छान."

"पण तुमचं लक्षच नव्हतं. तुम्ही आपले त्या पिंपाला थोपटत बसला होतात."

तो फक्त हसला. लेकीचा चेहरा उतरला. तिलाही त्याचा संशय येतो हे पाहून मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

दुसऱ्या कार्यक्रमाला त्याने माळ्याकडून दोरी मागून घेतली. माळ्याकडून! ती माझ्या पोटाभोवती गुंडाळली, अगदी मधोमध, आणि गाठ मारून खिशात टाकली. बाराही जणांना तिथेच कापले होते.  या दोघांचे आतून जुळले आहे, आता फक्त दिवस ठरायचा आहे, अशी माझी खात्री पटली.

त्यातच कडक ऊन पडू लागले. रिकामे लाकूड उन्हात आकसते. माझ्या फळ्या आकसल्या, पोटावरचा पट्टा सैल झाला आणि तिसऱ्या कार्यक्रमात मुलीने खर्ज लावला की तो झर्र झर्र वाजू लागला. लोक माना वळवून पाहू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. टकटक्याने तर कपाळाला आठ्या घालून हात काढून घेतला.

कार्यक्रम संपल्यावर मुलगी मालकीणबाईंकडे गेली.

"ताई, ते पिंप तेवढं हलवा ना. माझ्या प्रत्येक सुरात झणझणतंय."

"हो गं, मीही ऐकलं. पुढचा शेवटचा कार्यक्रम होऊन जाऊ दे. दुसऱ्या दिवशी कापायलाच सांगते. नाहीतरी फाटकाशी दोन कुंड्या कमी पडतायत."

झाले! मित्रांनो, शेवटच्या कार्यक्रमापर्यंतचे दोन आठवडे मी कसे काढले ते माझे मला ठाऊक.

शेवटच्या कार्यक्रमाच्या दिवशी हिरवळीवर अजून खुर्च्याही मांडल्या नव्हत्या, तेव्हा टकटक्या आला. खांद्याला जड पिशवी. आत लोखंड वाजत होते. करवत, दुसरे काय? त्याने मला आडवे केले. त्याने जुना पट्टा काढला, तेव्हा मी तळघर, रस, गाणी, सगळे एकदा आठवून घेतले.

पिशवीतून निघाला तो नवाकोरा लोखंडी पट्टा, दोरीच्या मापाचा. मला पुन्हा उभे करून तो त्याने माझ्या पोटावर चढवला, हातोडी घेतली आणि माझ्याभोवती चालू लागला.

दोन हलके ठोके, एक जड. दोन हलके, एक जड.

मी ते ठोके ओळखले! चेहरा सुरकुतला होता, पाठ वाकली होती, शीळ तर नव्हतीच, म्हणून मी फसले. ज्याने मला बांधले, त्यालाच मी तीन कार्यक्रमभर चोर समजत होते. माझी मलाच लाज वाटली. त्याने चार बादल्या पाणी माझ्यात ओतले, फळ्या फुगेपर्यंत थांबला, आणि मग ते पाणी गवतावर सोडून दिले.

तेवढ्यात मालकीणबाई आणि त्याची लेक आल्या.

"अहो काका, कशाला एवढा त्रास घेतलात? हे तर उद्या कापायचंय!" मालकीणबाई म्हणाल्या.

त्याची त्यांच्याकडे पाठ होती. तो पट्ट्यावर फडके फिरवत राहिला.

"बाबा!" लेकीने हाक मारली. मग आणखी मोठ्याने, "बाबा!"

तो वळलाच नाही. ती जागच्या जागी थबकली. मग हळूहळू चालत त्याच्या पुढ्यात गेली. तिला पाहून तो हसला.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्याने तिच्या ओठांकडे पाहिले आणि मान खाली घातली. "वरचे सूर, बोलणं, सगळं गेलं. दोन उन्हाळे झाले."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर वाजवायचं सोडून तू माझ्याकडेच बघत बसली असतीस." त्याने तिचा हात धरून माझ्या पोटावर ठेवला. "तुझं वाजवणं तेवढं पोचतं माझ्यापर्यंत. इथून येतं. मागच्या वेळी मात्र नुसती झणझण लागली हाताला, म्हणून म्हटलं पट्टा बदलावा."

तिने डोळे पुसले आणि मालकीणबाईंकडे पाहिले. मालकीणबाई म्हणाल्या, "माळ्याला मी सांगते. याला कुणी हात लावायचा नाही." मग स्वतःच गडबडून म्हणाल्या, "म्हणजे, काकांनी लावायचा."

त्या संध्याकाळी मुलीने आपले वाद्य मंचाच्या अगदी कडेला आणले आणि त्याखालचा लोखंडी पाय मंचाच्या मला टेकलेल्या फळीवर रोवला. टकटक्याने तळहात ठेवला, मग गालच टेकला. शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर तिचा होता. तो माझ्या पोटात खूप वेळ राहिला, मग विरत विरत थांबला.

हिरवळीवर अजून सगळे स्तब्ध होते. सर्वांत आधी टाळी वाजवली ती टकटक्याने. त्या दिवशी त्याने कोणाकडेही पाहिले नाही.

मित्रांनो, माझा स्वभाव काही एका दिवसात बदलणार नाही. माळी जवळून गेला की मी अजूनही त्याच्या हातांकडे पाहते. पण तुम्हाला एक मागणे आहे. गाणे संपल्यावर कोणी टाळ्या उशिरा वाजवत असेल, मागून हाक मारली तर वळत नसेल, तर माझ्यासारखे लांबून तर्क करत बसू नका. त्याच्या समोर जाऊन उभे राहा आणि विचारा. आणि आता या, पुढे सरका. हात लावलात तरी चालेल.