अण्णासाठी पेला

माझा मोठा भाऊ अण्णा रविवारी दुपारी, जेवणाच्या आधी, मेझ्कालच्या बाटलीत गेला.

बाटली त्याच्या मुलाने, शार्दूलने, मेक्सिकोहून पाठवली होती. तिकडे घायपाताचे कंद खड्ड्यात भाजतात आणि त्यांची दारू गाळतात, म्हणून तिला धुराचा वास येतो. सोबत चिठ्ठी होती : ‘पेला नीट निवडा. ओठ लावून थोडी थोडी प्या.’ अण्णाने ती चष्म्याशिवाय वाचली. आमच्या घरात कुणी भांड्याला ओठ लावत नाही, भांडं उष्टं होतं. अण्णाने मान वर केली आणि बाटलीची धार वरून तोंडात सोडली, तांब्यातलं पाणी पितो तशी. धार मध्येच थांबली, जरा विचार केल्यासारखी, आणि उलटी वर चढू लागली. अण्णा तिच्याबरोबर गेला. टोपी खुर्चीवर राहिली.

शालनवहिनी कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या.

“हे कुठे गेले?”

“बाटलीत.”

“पानं घ्यायच्या वेळेलाच बरं सुचतं,” वहिनी म्हणाल्या आणि वाकून बघू लागल्या. अण्णा तळाशी मांडी घालून बसला होता, अंगठ्याएवढा, छातीपर्यंत दारूत.

“मनोहर,” तो मला म्हणाला, “चार घोट उरलेत. बरोबर पेल्यातून घोट घेतलास तर मी बाहेर येईन. दारू संपली तर मी इथेच सुकेन. घाई करू नकोस.”

मी घाई करत नाही. चाळीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलं आहे. मुलाचं अक्षर चुकलं की पाटी पुसायची आणि पुन्हा हातात द्यायची. इथे पाटी तीनदाच पुसता येणार होती, एवढाच फरक.

आधी मी लस्सीचा उंच ग्लास घेतला. घोटभर दारू तळाशी कुठेतरी गेली. ती तोंडाशी येईपर्यंत ग्लास पार आडवा करावा लागला, आणि ती एकदम घशात आली. अण्णा आला नाही. खोली मात्र ग्लासासारखी झाली. छत तीन मजले वर गेलं, भिंती जवळ आल्या, आणि वहिनींचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकले.

“भावजी, दुसरा बघा,” वहिनी म्हणाल्या. “मला पोळ्या लाटायच्या आहेत.”

दुसरा होता औषधाचा, ठेंगणा, जाड बुडाचा. त्यातली दारू जिभेला न लागता संपली. छत खाली आलं, जमीन हातभर जाड झाली, आणि आम्ही दोघं मान वाकवून उभे राहिलो. अण्णा आता कमरेपर्यंतच भिजलेला होता.

“चव कशी होती?” त्याने विचारलं.

“कळली नाही.”

“मग चुकलंच.”

तिसरा पेला शार्दूलच्या लग्नात आलेल्या संचातला, पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता. मी नाक जवळ नेलं. सगळी आग तोंडाशी जमून बसली होती. डोळ्यांना धारा लागल्या, तरी घोट घेतला. खोलीही वरून मिटत आली. दार आक्रसून पोस्टकार्डाएवढं झालं. बाटलीत एक घोट राहिला. अण्णाचा आवाज कोरडा येऊ लागला.

“आता धांदल करू नका,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी कणकेच्या हाताने माझी बाही धरून ठेवली होती.

मी बाटली समोर ठेवली आणि वर्गात विचारायचो तसं सावकाश विचारलं, “अण्णा, नीट आठव. जन्मात तू कोणत्या भांड्याला ओठ लावलास?”

अण्णा आठवत राहिला.

“बशीला,” वहिनी म्हणाल्या. “रोज सकाळी. शेजारी जागे होतील असा फुरका मारून.”

त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या दारातून हात स्वयंपाकघरात घातला, चाचपडून बशी शोधली आणि तिरकी करून आत ओढली. पांढरी बशी, निळ्या कडेची, एका ठिकाणी टवका उडालेली.

मी शेवटचा घोट तिच्यात ओतला. तो पातळ पसरला. आग वाऱ्यावर गेली. खाली भाजलेल्या कंदाचा आणि ओल्या मातीचा वास उरला.

“फुंकर घाल,” अण्णा म्हणाला.

“गरम नाही ती.”

“तरी घाल. सवय आहे मला.”

मी फुंकर घातली, कडेला ओठ लावले आणि फुरका घेतला. भिंती बाहेरच्या बाजूला सावकाश आडव्या झाल्या. माझ्यासमोर अण्णा बसला होता, पूर्ण मापाचा, धोतर पिळत.

“टोपी,” तो म्हणाला.

वहिनींनी त्याला टोपी दिली. मग त्या खाली बसल्या आणि बराच वेळ पदराने तोंड पुसत राहिल्या. माझ्या छातीवरून कुणीतरी पाटा उचलला होता. इतकी मोकळी हवा मी त्या घरात कधी घेतली नव्हती.

जमीन पांढरी आणि गुळगुळीत झाली होती. ती चहूकडे थोडी थोडी चढत जात होती, आणि पार लांब, जिथे ती संपत होती, तिथे एक निळी रेघ होती. एका ठिकाणी रेघेचा टवका उडालेला होता.

“चांगली पसरट जागा आहे,” अण्णा म्हणाला.

तेवढ्यात वारा आला. मोठा, सावकाश, सवयीचा. अण्णाने टोपी धरली. पलीकडची निळी रेघ हळूच खाली कलली.