रडक्याच्या दुकानातला हातमोजा

मी एक जाडजूड, गोल, कातडी हातमोजा आहे, आणि मी खोटं बोललोय. तोंड नाही तर खोटं बोललास कसा, असं विचाराल. विचारा की! चाळीस वर्षं हाच प्रश्न पुढे करून मी स्वतःची समजूत घालत आलो.

माझा जन्म सान हेरोनिमो गावचा, साखरेच्या गिरणीमागच्या आळीतला. फेर्मीनकाका खरं तर घोड्यांची खोगिरं शिवायचे. त्यांचा पुतण्या वेन्सेस्लाओ, म्हणजे गावाचा वेन्से, एकोणिसाव्या वर्षी बेसबॉलच्या मोठ्या संघात घेतला गेला. तेव्हा काकांनी एका खोगिरासाठी राखलेलं कातडं बाजूला काढलं आणि मला शिवलं.

"हा घे. चेंडू सुटला तर दोष तुझा. माझ्या टाक्याला नाव ठेवायचं नाही," ते म्हणाले.

वेन्सेनं मला तेल चोळलं, पोटात चेंडू कोंबला, दोरीनं आवळलं आणि गादीखाली ठेवलं. नवा हातमोजा असाच माणसाळवतात. आठ दिवस तो माझ्यावर झोपला. त्याची आई म्हणाली, "एवढा जीव जडलाय तर पाद्रीबुवांना बोलावते, लग्नच लावून टाकू!"

वेन्से कॅचर होता. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं आणि पिचरनं फेकलेला चेंडू माझ्यात झेलायचा. समोरचा कुणी गडी डोळा चुकवून पुढच्या बेसकडे, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पुढच्या टप्प्याकडे पळाला, की चेंडू माझ्यातून उपसून तिकडे भिरकावायचा. हे उपसणं म्हणजे वेन्सेची कमाल! चेंडू माझ्यात आलाय हे मला कळेपर्यंत त्याचा उजवा हात तो घेऊन गेलेला असायचा. पहिल्याच मोसमात त्यानं एकोणतीस पळपुटे बाद केले. वाण्याच्या दुकानापुढे डॉमिनो खेळणारे म्हातारे हातातल्या सोंगट्या विसरून त्याच्याबद्दल भांडायचे. माझी छाती फुगायची हो. खोटं कशाला सांगू? एकदा सांगितलं तेवढं पुरे.

मग अंतिम सामना आला. समोर डोंगराकडचा संघ. शेवटचा डाव, आम्ही एका धावेनं पुढे, त्यांचा एकच गडी बाद व्हायचा बाकी. दुसऱ्या बेसवर उभा होता एलिहियो ब्रासोबान. वय अडतीस, गुडघे गेलेले, आणि हा त्याचा शेवटचा मोसम. फलंदाजानं चेंडू लांब मारला आणि एलिहियो लंगडत, धापा टाकत घरच्या पाटीकडे, म्हणजे वेन्सेच्या पुढ्यातल्या शेवटच्या बेसकडे निघाला. पाटीला शिवला तर बरोबरी. त्याआधी बाद झाला तर करंडक आमचा.

मैदानातून चेंडू आला. मी तो झेलला, पक्का झेलला. आता मला चेंडूसकट एलिहियोच्या अंगाला टेकवायचं, एवढंच काम होतं. पण वेन्सेच्या उजव्या हाताला सवय लागलेली. त्यानं चेंडू उपसला! फेकायचा कुणाकडे? कुणाकडेच नाही. तेवढ्यात एलिहियो घसरत आला आणि वेन्सेनं मला त्याच्या बरगडीवर दाबलं. चेंडू वेन्सेच्या दुसऱ्या हातात, हातभर लांब. माझ्या पोटात नुसती हवा, आणि रिकाम्या हातमोज्यानं शिवलेला गडी बाद नसतो.

एलिहियोचा पाय पाटीला लागला. धूळ बसली तेव्हा पंचांना वेन्सेच्या उंचावलेल्या मुठीत चेंडू दिसला.

"बाद!"

"अहो पंच, हातमोजा रिकामा होता!" एलिहियो ओरडला. "माझ्या बरगडीला कळलं ना! त्या पोरालाच विचारा. सांग की रे, पोरा!"

वेन्सेनं त्याच्याकडे पाहिलं. मी त्याच्या हातात होतो, त्याचा तळवा घामानं चिंब झाला होता. त्यानं तोंड उघडलं. देवा, एक शब्द! पण सोबती धावत आले, त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि खांद्यावर बसल्यावर तो हसला.

एलिहियो पाटीवर फतकल मारून बसला आणि लहान मुलासारखा रडला. आठ हजार माणसं ओरडायला लागली, "रडका! रडका!" आमच्या बेटावर टोपणनाव एकदा चिकटलं की चिकटलं. पाद्रीबुवासुद्धा त्याच नावानं हाक मारतात, आणि मेल्यावर तेच थडग्यावर लिहितात. त्या दिवशी वेन्सेचं नाव पडलं 'सोन्याचा हात'. वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडूही तोच ठरला.

पण पुढच्या वर्षी सोन्याच्या हाताला काय झालं ते कुणाला उमगेना. पाटीकडे गडी येताना दिसला की वेन्से चेंडू माझ्यात दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरायचा. तोवर गडी बाजूनं निसटायचा. लोक म्हणाले, पोराच्या डोक्यात हवा गेली. मला कारण ठाऊक होतं. तो उत्तरेला अमेरिकेत गेला, दोन वर्षांत परतला, इथेच बारा मोसम कसाबसा खेळला. नवे हातमोजे आले, फाटले, गेले. मला त्यानं टाकलं नाही आणि वापरलंही नाही. कपाटावर पालथं ठेवलं.

पन्नाशी उलटल्यावर एका सकाळी त्यानं मला पिशवीत घातलं आणि डोंगराकडची बस धरली. एलिहियो आता न्हावी झाला होता. दुकानात गिऱ्हाइकं, बाकावर गप्पा. "ए रडक्या, कानामागे नीट काप," कुणीतरी म्हणालं, आणि तो सहज "हो हो" म्हणाला.

वेन्से त्याच्या जवळ गेला. "दादा, मी एक सांगायला आलोय."

एलिहियोनं कात्री थांबवली नाही. "मला काय सांगतोस? मी तिथेच होतो." मग त्यानं बाकाकडे मान वळवली. "यांना सांग."

तेवढ्यात कुणीतरी ओळखलं. "अरे, हा तर सोन्याचा हात!" सगळे उठले, हात मिळवायला लागले. एकानं त्याच्यासाठी कॉफी मागवली. आता बोल, मेल्या, आता तरी! त्यानं मला पिशवीतून काढलं, एलिहियोच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आठवण म्हणून ठेवा." कॉफी न पिताच तो बसकडे गेला.

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "केवढं मोठं मन! ज्याला हरवलं त्यालाच हातमोजा दिला!"

म्हणजे खोटं आणखी एकदा बोललं गेलं, आणि या वेळी एलिहियोच्याच छपराखाली.

एलिहियोनं मला आरशाशेजारी खिळ्याला टांगलं. आता लांबून माणसं येतात. "दाखव रे रडक्या, तो हातमोजा!" तो मला काढून देतो, हात पुसतो आणि पुन्हा कात्री उचलतो. मला खाली पाहता येत नाही, तोंड लपवता येत नाही. वेन्से गेल्या वर्षी वारला. आता सांगणारा मीच उरलो, आणि माझं ऐकतो कोण?

तुम्ही ऐकलंत. मग एवढं करा. कधी त्या दुकानात गेलात तर माझ्याकडे बघू नका. खुर्चीत बसा आणि म्हणा, "ब्रासोबानसाहेब, केस कापायचेत." सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणा.