कायबी अडचण न्हाय

गाडी वाचवायची होती. बस, एवढंच.

आमची एक्स-रेची गाडी. गावोगाव फिरून टीबी शोधते. डिझेल, मशीन, माझी नोकरी, सगळं परदेशातल्या मदतीवर. आणि तिथल्या संसदेत ती मदत कापायचं बिल आलेलं. आमच्या अंकिता मॅडम म्हणाल्या, "तिथल्या पाच खासदारांना पेशंटचे व्हिडिओ पाठवायचेत. आज चारच्या आत. ते बोलतील त्याच्या इंग्रजी ओळी खाली तू टाक." इंग्रजी मी मोबाईलवरच शिकलोय, म्हणून हे माझ्या गळ्यात.

वळसंगला गुलबानो चाचीकडं गेलो. दोन वर्षांमागं तिचा टीबी गाडीतच सापडला होता. आता ठणठणीत. पण नवरा, शेखलाल चाचा, महिनाभर खोकतोय. सोलापूरला सिव्हिलमधे जात न्हाय. "तिथली लाइन बघूनच माणूस मरतंय. गाडी आली की काढतो फोटो."

चाचीला म्हटलं, "सांगा साहेबलोकांना, गाडी बंद झाली तर काय होईल."

चाचीनं ओढणी सारखी केली. मोबाईलला सलाम केला. "साहेब, तुमच्या मेहरबानीनं सगळं चांगलं हाय. कायबी अडचण न्हाय. एकदा या, जेवून जावा."

"चाची, अडचणच सांगायची होती की!"

"पहिल्यांदा भेटतेय त्या माणसाला. लगेच रडगाणं लावू?"

तीनदा घेतलं. तीनदा तिनं त्यांना जेवायला बोलावलं. चाचाला म्हटलं तुमी तरी बोला. "शर्ट मळका हाय. नंतर."

साडेतीन वाजले. ओळी टाकताना मनात आलं, तिथं कुणाला कळतंय चाची काय बोलली? लिहून टाकावं, गाडी गेली तर आमी मरू. लिहिलं पण. मग खोडलं. ती बोलली तेच टाकलं आणि पाठवलं.

पाचातल्या एकाच खासदाराच्या ऑफिसातनं उत्तर आलं. या कुटुंबाला आता कसलीच गरज उरली न्हाय हे ऐकून आनंद झाला, म्हणे.

गुरुवारी मतदान झालं. मदत कापली.

"एका व्हिडिओनं काय होत न्हाय रे," मॅडम म्हणाल्या. माझ्याकडं न बघता. ड्रॉवर रिकामा करत होत्या.

मंगळवारी चाचाला येतोय म्हणून फोन केला, मोटरसायकल काढली, वळसंगला गेलो. चाचा दारातच. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. "लाव मोबाईल. आज मी सांगतो सगळं." आणि खोकायला लागला. लई वेळ.

"चाचा, संपलं ते. गाडी आता येणार न्हाय."

"मग तू कशाला आलास?"

"तुमाला न्यायला. सिव्हिलला. मागं बसा."

चाचानं शर्टाकडं बघितलं. "मग हे कशाला घातलं मी?"

"लाइनीत चालतंय की."

चाची आतनं ओरडली, "न जेवता कुटं निघाला रे?"

जेवलो. मग निघालो. चाचा पाठीला टेकून खोकत होता, प्रत्येक खोकला माझ्या बरगडीत कळत होता.

माझ्या वरच्या खिशात गाडीच्या पुढच्या फेरीत फोटो काढायच्या लोकांची यादी होती. एकतीस नावं. मागच्या सीटवर एका वेळी एकच माणूस बसतंय.