लाल रेघेपर्यंत पाणी

बारा मजली इमारतीच्या गच्चीवर एक टाकी होती. तिचं पाणी एकाही नळाला जात नसे. ती लाल रेघेपर्यंत, म्हणजे अर्धीच भरायची, अशी बांधणाऱ्या इंजिनिअरची सक्त ताकीद. भूकंपात इमारत डुलली की आतलं पाणी उलट्या बाजूला उसळतं आणि डुलणं आवरतं. गच्च भरली तर उसळणार कुठे, कपाळ? इमारतीच्या प्लंबरला हे तोंडपाठ होतं, कारण टाकीच्या बरोबर खाली त्याची थोरली बहीण राहायची. गुडघे गेलेले, लिफ्ट बंद पडली तर एक जिनाही उतरणं मुश्किल.

आणि तक्रार केली कुणी? ताईनेच! म्हणे वारा सुटला की वर खळखळ होते, डोळ्याला डोळा लागत नाही. सोसायटीच्या अध्यक्षांना तेवढंच हवं होतं. अर्धवट काही दिसलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांनी टाकी काठोकाठ भरायला सांगितली. प्लंबरने कागद दाखवले, हातापाया पडला. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं त्यालाच सुनावून त्यांनी सभा संपवली.

गच्चीची चावी शेवटच्या मजल्यावर, ताईकडे असायची. प्लंबरने ती घेतली आणि टाकीबाहेरचा पातळीचा काटा 'पूर्ण'वर चिकटवून टाकला. अध्यक्षांनी काटा पाहिला, आत डोकावायची तसदी घेतली नाही. खळखळ चालूच राहिली. पाइपात हवा अडकलीय, असं प्लंबर ताईला सांगत राहिला.

दोन महिन्यांनी भूकंप झाला. समोरच्या दोन इमारतींच्या भिंती फाटल्या. इथे ताईचा चहा बशीत सांडला, तेवढंच.

अध्यक्षांनी सत्कार ठेवला, स्वतःचाच. ताईही लिफ्टने खाली आली. टाकी भरून घेतली म्हणून सगळे वाचलो, आता मागच्या जुळ्या इमारतीलाही तसंच कळवू, असं ते म्हणाले. प्लंबरला राहवेना.

"साहेब, टाकी अर्धीच आहे. काटा मी चिकटवलाय."

आभार राहिले बाजूलाच. प्लंबरला काढायचं आणि टाकी आजच भरायची, असा ठराव एकमताने झाला. अध्यक्षांनी ताईकडे चावी मागितली.

"हरवली," ताई म्हणाली.

"कधी?"

"आत्ताच."

मूठ घट्ट मिटून ती भावाकडे बघत होती.