कस्टर्डचा पायगुण

बेकरीवाल्यांच्या लेकीनं होकार दिल्यापासून आयोडीनचे पाय जमिनीवर टेकत नव्हते. आयोडीन म्हणजे शाळेतला जीवशास्त्राचा मास्तर. प्रयोग करून करून त्याची बोटं कायम तपकिरी, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. आता त्याला ते नावही गोड लागत होतं. प्रेमात माणसाला काय गोड लागेल याचा नेम नाही.

घोडं अडलं होतं ते कस्टर्डपाशी. त्याचं बेकरीत येणंजाणं वाढलं आणि नेमकं तेव्हापासून होणाऱ्या सासऱ्यांचं कस्टर्ड बिघडायला लागलं. दुपारी चमचा उभा राहील इतकं घट्ट, संध्याकाळी बघावं तर पाणचट. बनपावात भरायला जावं तर खालून धूम ठोकायचं. त्याच सुमारास डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून बेकरीवाल्यांचा पारा तसाही चढलेलाच असे.

"याचा पायगुणच पातळ!" त्यांनी सकाळीच भर दुकानात जाहीर केलं. "उद्या मोठी ऑर्डर आहे. आजचं कस्टर्ड बिघडलं, तर लग्नाचं नाव काढायचं नाही."

आयोडीनच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या तासाला तो वर्गात रडवेल्या आवाजात पचन शिकवत होता. "मक्याच्या पिठात स्टार्च असतो. स्टार्च म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी, म्हणून खळ घट्ट होते. आणि तोंडातली लाळ ती साखळी कापते, मग खळ..."

तो थांबला. मग टेबलावर हात आपटून ओरडला, "पातळ होते! पाय नव्हे, तोंड!"

पोरांना वाटलं, मास्तर कामातून गेला. शाळा सुटताच तो आयोडीनची बाटली घेऊन बेकरीच्या मागच्या स्वयंपाकघरात थडकला. बेकरीवाले काका, काकू आणि लेक, तिघांना त्याने ओट्याशी उभं केलं. दोन वाट्यांत, कस्टर्डमध्ये घालतात त्याच मक्याच्या पिठाची कोमट खळ घेतली. एकीत स्वच्छ चमचा फिरवला. दुसरा चमचा ऐटीत चाटला आणि दुसऱ्या वाटीत ढवळला.

थोड्या वेळानं त्याने दोन्हींत आयोडीनचे थेंब टाकले. पहिली वाटी शाईसारखी काळीनिळी झाली. दुसरीतली खळ पाण्यासारखी पातळ, आणि रंग नुसता पिवळट.

"बघा! स्टार्च असला की आयोडीन काळंनिळं होतं. इथं स्टार्च उरलाच नाही!" आयोडीन नाचायचाच बाकी होता. "कस्टर्ड निवत असताना कुणीतरी चमचा चाटतंय आणि तोच परत पातेल्यात घालतंय!"

"कोण?" काकूंनी कमरेवर हात ठेवले.

आयोडीनने विजयी मुद्रेने मान वळवली. काकांच्या मिशीवर पिवळा ठिपका होता. त्यांचे कान लालबुंद झाले होते आणि डोळे गयावया करत होते. एवढा तालेवार माणूस, पण आयोडीनला त्यांची इतकी दया आली की शहाणपण गेलं चुलीत.

"मी," तो म्हणाला. "मीच चाटतो, काकू."

लेकीनं कपाळावर हात मारला. पायगुणाचा ठपका परवडला असता, आता हा चोर ठरला!

"परवा तू आलाच नव्हतास," काकू शांतपणे म्हणाल्या. "तरी कस्टर्ड पातळ झालं होतं."

"मी... खिडकीतून..."

काकांना पुढचं ऐकवेना. त्यांनी मिशी पुसली. "पुरे रे बाबा. चमचा माझा आहे."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "तुम्ही कधी तोंडानं सांगता, तेवढंच बघत होते. गोड बंद म्हणजे बंद. आणि त्या गरिबाच्या पायाला नावं ठेवत होतात!"

काकांनी घसा खाकरला. "ज्याला माझ्यासाठी चोर व्हायला लाज वाटत नाही, तो मला जावई म्हणून चालेल. तारीख ठरवा."

आयोडीन आनंदानं असा उडाला की बाटली कलंडून त्याचा शर्ट तपकिरी झाला. लेक हसत हसत त्याचा शर्ट पुसायला लागली.

"खिडकीतून म्हणे! तुला खोटं बोलताच येत नाही."

"वाईट आहे का ते?"

"छे," ती म्हणाली. "माझा जन्म सुखात जाईल."