चिसातोने मोजलेल्या पायऱ्या

ओची तोमोए बाईंच्या हाताखालून गेलेलं मूल अक्षरात कधी मार खात नाही, असं जपानच्या किनाऱ्यावरच्या ताकाउरा गावात म्हणत. धक्क्यावर मासळीच्या पावत्या फाडणारा मुकादमसुद्धा एखादी रेघ चुकली की म्हणायचा, बाईंनी बघितलं तर या वयात कान धरतील. बाई चोपन्न वर्षांच्या होत्या. कुंचल्याने अक्षरं काढण्यात त्यांचं जिल्ह्यात नाव होतं. त्यांच्या सहावीच्या वर्गात एकोणीस मुलं होती आणि दर शुक्रवारी वीस कांजी, म्हणजे चित्रलिपीतल्या गुंतागुंतीच्या, अक्षरांची चाचणी व्हायची. चुकलेलं अक्षर तीस वेळा काढायचं, हा नियम कुणासाठी बदलत नसे.

सरकारने प्रत्येक मुलाला टॅब दिला त्याला चार वर्षं झाली होती. शेजारच्या पाचवीत तरुण मास्तर त्यावर गणितं सोडवून घेत, नकाशे काढून घेत. बाईंच्या वर्गातले टॅब मात्र कपाटात चार्जिंगला लावलेले असत आणि आठवड्यातून एकदा, वेळापत्रकात आहे म्हणून, बाहेर निघत. काचेवर बोटं फिरवून कुणी शहाणं होत नाही, हे त्यांचं ठाम मत.

त्या वर्गात मियोशी चिसातो नावाची मुलगी होती. बोलायला उभी राहिली की वर्ग गप्प होऊन ऐके. धडा एकदा कानावर पडला की तिला पाठ. पण शुक्रवारच्या चाचणीत तिला वीसपैकी एक, फार तर दोन. अक्षरं चौकटीबाहेर सांडायची, डावीकडचा भाग उजवीकडे जायचा. पेन्सिल इतकी दाबून धरायची की कागद फाटायचा. वाचताना तेच अक्षर ती सहज ओळखायची, लिहिताना मात्र ते हातात उतरत नसे. बाईंनी तिची वही सहा महिने लाल शाईने भरली. तिच्या आईला निरोप पाठवला की, डोकं आहे पण हाताला आळस आहे. तिची आई अकाने जाकोतेनच्या कारखान्यात मासळीचा लगदा तळायच्या कामावर होती. ती घरी येई तेव्हा हात दुखत असत, तरी ती लेकीला समोर बसवून तीस-तीस अक्षरं काढून घ्यायची.

ऑक्टोबरात वर्गाने अभ्यासाला विषय घेतला तो त्सुनामीचा. भूकंप झाला तर कुठल्या वस्तीने कुठे पळायचं हे नगरपालिकेने ठरवून दिलेलं होतं. ते खरंच जमतं का, हे मुलांनी हिंडून बघायचं होतं. फोटो काढायचे म्हणून टॅब घरी न्यायला बाईंनी नाइलाजाने परवानगी दिली.

तीन आठवड्यांनी मुलांनी अहवाल दिले. बहुतेकांचे दोन-दोन पानांचे, फोटो चिकटवून. चिसातोचा बारा पानांचा, आणि सगळा टाइप केलेला.

बाईंनी तो शिक्षकांच्या खोलीत बसून वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. समुद्राकाठच्या खालच्या आळीने देवळाच्या पायऱ्या चढून वर जायचं, असं नकाशात होतं. चिसातोने त्या पायऱ्या मोजल्या होत्या. एकशे त्रेसष्ट. कठडा कुठेच नाही. आळीतल्या सात म्हाताऱ्या माणसांबरोबर ती वेगवेगळ्या दिवशी त्या चढली होती, टॅबवर वेळ लावून. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या शिगे आजींना सव्वीस मिनिटं लागली होती, आणि लाट यायला नगरपालिकेने धरली होती वीस मिनिटं. पुढे तिने लिहिलं होतं की, निई काकांच्या संत्र्यांच्या मळ्यातून छोटा ट्रक जाण्याइतका रस्ता वर जातो, त्याला चढ कमी आहे. पण मळ्याचं फाटक कुलूपबंद असतं.

बाईंच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे मुलीचं काम नव्हे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी तिला थांबवलं. आवाज चढवला नाही. "चिसातो, आईने लिहून दिलं का हे?"

"आईला एवढा वेळ कुठे असतो, बाई?"

बाईंनी कपाटातून तिचा टॅब काढून पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, शाळेतल्या आजच्या दुपारच्या जेवणावर लिही, इथेच बसून. चिसातोने विचारलं, खरं लिहू का? बाई म्हणाल्या, खरंच लिही.

तिचा अंगठा काचेवर इकडून तिकडे सटासट फिरू लागला. उच्चार टाइप केला की खाली चार-पाच अक्षरं येत, त्यातलं बरोबर असेल ते ती न अडखळता उचले. पंधरा मिनिटांनी तिने टॅब बाईंकडे सरकवला. बांगड्याचा वास जिन्यापर्यंत कसा आला, वाढप्याच्या पाळीतल्या पोराने सूप कुणाला जास्त वाढलं, सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं: ‘बाईंना गाजर आवडत नाही. त्या ते आधी भाताखाली लपवतात. मग आम्ही बघतोय हे लक्षात आलं की सगळ्यात शेवटी, औषध घेतल्यासारखं, खातात.’

बाईंना हसू आलं, आणि मग ते ओठांवरच विरलं. सहा महिने ही मुलगी आपल्यासमोर बसली होती आणि आपण तिचा फक्त हात बघितला. ती लाल शाईची वही त्यांना आठवली. एकेका पानावर तीस वेळा काढलेलं, तीसही वेळा चुकलेलं अक्षर.

"चूक माझी झाली," त्या म्हणाल्या. "तुझा आळस नव्हता तो."

दप्तर उचलताना चिसातोने एवढंच विचारलं की, उद्याच्या चाचणीला हा टॅब घेऊ का. बाई म्हणाल्या, घे.

त्या शनिवारी बाई बसने जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्या आणि अशा मुलांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना भेटून आल्या. पुढे त्या तज्ज्ञांनी मुलीला तपासून लेखी दिलं की, हिला वाचता येतं, समजतं, पण हाताने लिहिणं जमत नाही. सरावाने हे सुटत नाही, दुसरी वाट द्यावी लागते. तो कागद वाचून अकाने कारखान्याच्या दारातच, डोक्याला जाळी आणि पायात गमबूट, तशीच खाली बसली. म्हणाली, "बाई, मी हिला एकदा मारलंय हो यासाठी." बाई तिच्याशेजारी बसल्या. मी रोज मारत होते, फक्त लाल शाईने, असं त्यांनी तिला सांगितलं.

वर्गात हे पचलं, पण गावात पचलं नाही. नोव्हेंबरच्या पालकसभेत निई कात्सुजी उभे राहिले. संत्र्यांचे मळेवाले, आवाज मोठा, मनात काही न ठेवणारे. माझा मुलगा रात्री बसून अक्षरं घोटतो आणि ती पोरगी बटण दाबते, दोघांना गुण सारखेच, हा कुठला न्याय, असं त्यांनी विचारलं. आठ-दहा माना डोलल्या.

बाई शांतपणे म्हणाल्या, "निईसान, तुमच्या मळ्यातून संत्र्यांच्या पेट्या खाली कशा येतात?"

"कशा म्हणजे? मोनोरेलने, एका रुळावरच्या गाडीतून. झाडांमधला तो चढ बघितलाय का तुम्ही?"

"तुमचे वडील पाठीवर आणायचे. त्यांची कंबर त्यातच गेली. आता पेट्या रुळावरून येतात, म्हणून संत्रं आंबट झालं का?"

सभेत हशा पिकला. निई बसले, पण त्यांचा चेहरा काही सैल झाला नाही.

मुख्याध्यापक कामेओका भले गृहस्थ होते, फक्त तक्रारीला फार भीत. वर्गातल्या चाचण्यांत टॅब वापरायला त्यांनी होकार दिला. पण फेब्रुवारीत भरणाऱ्या मुलांच्या नगरसभेसाठी चिसातोचा अहवाल पाठवायचं बाईंनी काढलं, तेव्हा त्यांनी हात वर केले. तिथे दरवर्षी प्रत्येक शाळेचं एक मूल खऱ्या सभागृहात उभं राहून महापौरांना प्रश्न विचारी. अर्जावर स्पष्ट छापलेलं होतं: निबंध स्वहस्ताक्षरात असावा. कामेओका म्हणाले, दुसऱ्या कुणाकडून उतरवून घ्या, प्रश्न मिटला.

"तिचं काम दुसऱ्याच्या अक्षरात?" बाई म्हणाल्या. "सर, अठ्ठावीस वर्षं मी या शाळेत हस्ताक्षरच शिकवतेय. ते कशासाठी असतं हे मला विसरायला लावू नका."

नगरपालिकेतल्या कारकुनाने फोनवर सांगितलं की, असं आजवर झालेलं नाही. बाईंनी रजा टाकली आणि त्या अहवाल घेऊन स्वतः त्याच्या टेबलापाशी गेल्या. वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, आधी वाचा, मग नाही म्हणा. तो तरुण माणूस चौथ्या पानापर्यंत आला आणि थांबला. त्या सात म्हाताऱ्यांत त्याचे मामा होते. चोवीस मिनिटं. तो कागद घेऊन आत गेला आणि बऱ्याच वेळाने साहेबाला घेऊनच बाहेर आला. साहेबाने बाईंना दोन-चार प्रश्न विचारले, खिशातलं पेन काढलं आणि अर्जाच्या नमुन्यावर ‘स्वहस्ताक्षरात’ या शब्दापुढे लिहिलं, ‘किंवा टाइप करून’.

नगरसभेच्या दिवशी सभागृह पालकांनी भरलं होतं. निईही आले होते, कारण त्यांच्या मुलाने चिसातोचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवायचं काम घेतलं होतं. चिसातो व्यासपीठावर उभी राहिली तेव्हा तिची हनुवटी जेमतेम मायक्रोफोनला लागत होती. टॅब समोर ठेवून ती वाचू लागली आणि पहिल्या पानानंतर तिने त्याच्याकडे बघणंच सोडलं. शिगे आजी एकसष्टाव्या पायरीवर बसतात, गुडघा चोळतात आणि म्हणतात, लाटेला सांग जरा दम धर. सभागृह हसलं, आणि हसता हसता चिडीचूप झालं.

तिचं संपल्यावर एका ज्येष्ठ नगरसेवकाने चष्मा वर सरकवला. "बाळ, फार छान. पण आजकाल ही यंत्रं काय वाटेल ते लिहून देतात. हे तू लिहिलंस की त्याने?"

मागच्या रांगेत बाई खुर्चीची कड धरून बसल्या होत्या. उठावं असं त्यांना वाटलं. त्या उठल्या नाहीत.

"अक्षरं त्याने काढली," चिसातो म्हणाली. "पायऱ्या मी मोजल्या."

टाळ्यांची सुरुवात कुठून झाली ते कळलं नाही, पण महापौरही त्या वाजवत होते, आणि प्रश्न विचारणारे नगरसेवक सर्वांत जोरात. अकाने तोंडावर रुमाल धरून रडत होती. महापौरांनी उत्तरासाठी तयार आणलेला कागद उलटा ठेवला आणि म्हणाले की, याच महिन्यात आम्ही या मुलीबरोबर त्या पायऱ्या चढू.

बाहेर व्हरांड्यात निईंनी बाईंना गाठलं. टोपी हातात गोल फिरवत म्हणाले, "ते कुलूप मी रानडुकरांसाठी लावलंय. माणसांसाठी नव्हे." थोडं थांबून पुढे म्हणाले, "माणसाला उघडेल आणि डुकराला उघडणार नाही, अशी कडी बसवतो. पोरीला सांगा."

"तुम्हीच सांगा की," बाई म्हणाल्या. निई गेले आणि बारा वर्षांच्या मुलीसमोर कमरेत वाकून त्यांनी ते सांगितलं.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला सरावाचा भोंगा झाला. खालच्या आळीतली त्रेचाळीस माणसं घराबाहेर पडली आणि देवळाकडे न वळता मळ्याच्या वाटेला लागली. फाटक सताड उघडं होतं, आणि ज्यांना चालवतच नव्हतं त्यांच्यासाठी निईंनी आपला छोटा ट्रक लावला होता. शिगे आजींनी ट्रकला साफ नकार दिला. काठी टेकत, एका हाताने चिसातोचा खांदा धरून त्या चालत वर आल्या. वर बाई घड्याळ घेऊन उभ्या होत्या. शेवटचं माणूस पोचलं तेव्हा तेरा मिनिटं वीस सेकंद झाली होती.

शिगे आजी एका पेटीवर टेकल्या आणि त्यांनी सभोवार बघितलं. "वाचले तर खरी," त्या म्हणाल्या. "आता चहा कोण देणार?"

चिसातो एप्रिलपासून ज्या माध्यमिक शाळेत जाणार होती, तिथले मुख्याध्यापकही गर्दीत होते. आमच्याकडे परीक्षा हातानेच, असं त्यांनी डिसेंबरात कळवलं होतं. तेव्हा बाईंनी त्यांना समाजशास्त्राचे दोन पेपर पाठवले होते. दोन्ही चिसातोचेच, प्रश्नही तेच. हाताने लिहिलेल्यात चौदा गुण, टाइप केलेल्यात एक्याण्णव. त्यावर उत्तर आलं नव्हतं. आज वर उभं राहून त्यांनी फक्त चिसातोला विचारलं की, देवळाच्या पायऱ्या तू कुणाकुणाबरोबर चढली होतीस. तिने सातही नावं सांगितली, आणि कुणाचा कुठला गुडघा दुखतो तेही.

सहावीच्या निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी त्या मुख्याध्यापकांचं पत्र आलं. सर्व विषयांच्या सर्व परीक्षांना टॅब वापरता येईल, आणि हा नियम फक्त हिच्यापुरता नाही, ज्याला गरज त्या प्रत्येकाला लागू राहील. बाईंनी ते पत्र वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. निईंचा मुलगा सर्वांत आधी उठून ओरडला आणि सगळा वर्ग बाकांवर हात आपटू लागला. शेजारच्या वर्गातले मास्तर काय झालं म्हणून धावत आले. एरवी अशा गोंगाटावर बाईंचा डस्टर आपटला असता. त्या दिवशी त्यांनी खिडक्या उघडल्या, म्हणजे धक्क्यापर्यंत ऐकू जावं.

एप्रिल उजाडायच्या आत त्यांना दोन फोन आले. एक शेजारच्या खाडीतल्या गावातून, एका बापाचा. दुसरा धक्क्यावरच्या त्या मुकादमाचा, नातवासाठी. आमचंही पोर तसंच आहे हो बाई, बोलतं पोपटासारखं आणि लिहायला बसलं की रडतं, असं तो चाचरत सांगत होता. बाईंनी त्याला मध्येच थांबवलं.

"शनिवारी घेऊन या," त्या म्हणाल्या. "आणि वह्या आणू नका."